बाईंची क्लिप

ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रान्समध्ये सॅम्युएल पाती या इतिहासशिक्षकांची शाळेजवळ हत्या झाली. त्याआधी समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध व्हिडिओ फिरत होते. ज्या तासावरून हे पेटलं, त्या तासाला तक्रार करणारी मुलगी वर्गात नव्हतीच.

सगळीकडे गोष्ट या थराला जात नाही. पण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री बाईंच्या उच्चारांची क्लिप हसण्यावारी फिरते आणि सकाळी त्याच बाईंना हजेरी घ्यायची असते. झोप उडते, वर्गात मोबाइल दिसला तरी धस्स होतं. रजेच्या अर्जात हे कसं लिहायचं?

म्हणून या अंकात आम्ही आधी शिक्षकांचं ऐकलं आहे. मुलांना दोषी ठरवायची घाई मात्र केलेली नाही. तुमच्या शाळेत असं घडलं तेव्हा पाठीशी कोण उभं राहिलं, ते आम्हाला जरूर कळवा. नाव छापणार नाही.