रणभूमीवरील राहुटी

ज्या भूमीत अद्यापि मानवी अस्थी सापडतात त्या भूमीच्या किनाऱ्यावर राहुटी ठोकावी, समुद्रस्नान करावे, सायंकाळी मासळीवर ताव मारावा आणि तारे पाहत निर्धास्त निद्रा घ्यावी, हे शिष्टसंमत आहे काय, असा प्रश्न तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पाचा विषय निघाला म्हणजे काही सुविद्य मंडळी विचारतात. प्रश्न गैर नाही. पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. तंबूवाल्या प्रवाशापेक्षा तो, भल्या पहाटे इस्तंबूलहून मोटारीने निघून दोन-चार स्मारकांपुढे छायाचित्रे काढणाऱ्या आणि त्याच रात्री पुन्हा इस्तंबूलच्या हॉटेलात परतणाऱ्या प्रवाशाला विचारला गेला पाहिजे, असे माझे मत आहे.

भूमध्य समुद्राचाच एक बाहू असलेला एजियन समुद्र आणि दार्दानेल्सची सामुद्रधुनी यांच्या दरम्यान ही लांबट भूमी पसरली आहे. तिची मान बोलायरजवळ अवघी पाच-सहा किलोमीटर रुंद आहे, आणि किलित्बाहिरच्या किल्ल्यापाशी सामुद्रधुनीही इतकी आक्रसते, की पैलतीरावरील चनक्कले शहराची घरे सहज दिसतात. ज्याच्या हाती हा किनारा त्याच्या हाती काळ्या समुद्राची किल्ली, हे प्रत्येक सत्ताधीशाने ओळखले होते. इ. स. पूर्व 480 मध्ये इराणचा बादशहा झर्क्सीस नौकांचा पूल बांधून येथेच युरोपात उतरला, इ. स. पूर्व 334 मध्ये अलेक्झांडर येथूनच आशियात गेला, आणि 1354 मध्ये भूकंपाने गॅलिपोली गावचा तट ढासळला तेव्हा उस्मानी तुर्कांनी त्या संधीचा लाभ घेऊन युरोपात आपले पहिले भक्कम ठाणे बसविले. 1513 चा सुप्रसिद्ध नकाशा काढणारा आरमारी सरदार पीरी रईस याच गावचा, असे मानतात. परंतु आजचा प्रवासी येतो तो बहुधा पहिल्या महायुद्धातल्या 1915 साठी. त्या वर्षी 18 मार्च रोजी इंग्रज-फ्रेंच आरमार सामुद्रधुनीतील सुरुंगांपुढे हतबल झाले, आणि 25 एप्रिलला इंग्रजांच्या ‘भूमध्यसागरी मोहीम-फौजे’ने द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर पाय ठेवले.

त्यानंतरच्या आठ महिन्यांचा वृत्तांत ग्रंथांतून विपुल उपलब्ध आहे. परंतु तो वृत्तांत असा का घडला, हे काबातेपेच्या किनाऱ्यावर मुक्काम टाकून, सकाळी पाठीवर पाण्याची बाटली घेऊन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या ‘अँझॅक’ फौजा जेथे उतरल्या त्या अँझॅक खाडीमागील ठिसूळ मातीच्या, काटेरी झुडपांनी भरलेल्या, एकातून दुसरी फुटणाऱ्या घळींतून चुनुक बायरच्या माथ्याकडे पायी निघाल्याखेरीज उमगत नाही. हा माथा जेमतेम अडीचशे मीटर उंच. आपल्या सह्याद्रीतला कोणताही गडकरी त्याला टेकाड म्हणेल. परंतु वाट चुकविणाऱ्या घळी पाहिल्या म्हणजे न्यूझीलंडच्या पलटणींना तो ऑगस्टमध्ये जेमतेम दोन दिवस का राखता आला, आणि तुर्की सेनानी मुस्तफा कमालच्या प्रतिहल्ल्याने 10 ऑगस्टला तो हातचा का गेला, हे निराळ्या शब्दांत सांगावे लागत नाही. दुपारी बाटली रिकामी होते, आणि मग ध्यानात येते, की येथे तोफगोळ्यांइतकाच बिकट प्रश्न पाण्याचा होता. अँझॅकच्या बाजूस पिण्याचे पाणी पुष्कळसे गलबतांतून आणून किनाऱ्यावर उतरवीत आणि तेथून रात्रीच्या अंधारात खेचरांवर लादून खंदकांपर्यंत नेत.

ती खेचरे हाकणारी माणसे हिंदुस्थानची होती. मोटारीतून उतरून घाईघाईने परतणाऱ्या आपल्या बांधवांना याची वार्ताही नसते. कोहाट आणि जेकब या नावांच्या पहाडी तोफखान्यांतील पंजाबी मुसलमान व शीख गोलंदाज, खेचरतांड्यांचे हाकारे, 14 वी शीख पलटण आणि गुरखा पलटणी अशा हिंदी सैनिकांची संख्या फार काळ सुमारे 5,000 समजली जात असे. ऑस्ट्रेलियन इतिहासकार पीटर स्टॅन्ले यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती 16,000 पर्यंत असल्याचे दाखविले. 4 जून रोजी क्रिथियाच्या लढाईत 14 व्या शीख पलटणीतले बहुसंख्य जवान एकाच दिवसात मृत अथवा जायबंदी झाले. पंजाबी मुसलमान ज्यांत होते अशा दोन पायदळ पलटणी मात्र, खलिफाच्या फौजेविरुद्ध त्या लढतील किंवा कसे या शंकेने, मे महिन्यातच माघारी नेण्यात आल्या. तोफखान्यातले मुसलमान त्याच वेळी त्याच तुर्कांवर बिनदिक्कत तोफा डागत होते, ही साम्राज्यशाही दप्तरांची खास तर्कपद्धती! मराठा पलटणी येथे नव्हत्या. आपली माणसे त्या वेळी पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात तुर्कांशीच लढत होती. द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरील हेलेस स्मारकावर 20,000 हून अधिक नावे कोरलेली आहेत. ज्यांची कबर नाही अशांची ती नावे. त्यांतली हिंदी नावे शोधावयास अर्धा दिवस तरी हाताशी हवा.

आता शिष्टसंमतीचा प्रश्न. अँझॅक खाडीतले सैनिक स्वतः त्या समुद्रात डुंबत असत. उवा, धूळ आणि माश्या यांनी त्रासलेले ते तरुण डोक्यावर गोळे फुटत असतानाही पाण्यात उतरत, आणि त्या स्नानापायी कित्येक जण जिवास मुकले. त्याच पाण्यात आज कोणी शांतपणे पोहत असेल तर त्यांचा अवमान होतो, असे मला वाटत नाही. अवमान झाला तो 2005 साली, जेव्हा 25 एप्रिलच्या स्मृतिदिनाच्या गर्दीच्या सोयीसाठी खाडीलगतचा रस्ता रुंद करताना यंत्रांनी किनाऱ्याचा उतारच खरवडून काढला आणि त्यावरून ऑस्ट्रेलियात व तुर्कस्तानात गहजब उडाला. श्रद्धेच्या नावाखाली जमणारा जमाव भूमीचे जितके नुकसान करतो, तितके शेदोनशे तंबू करीत नाहीत. मात्र एक सवलत तंबूवाल्यालाही देता येणार नाही. जुलै 1994 च्या वणव्यात येथील पाइनचे अरण्य हजारो एकर जळाले. तेव्हा परवाना असलेल्या तळाबाहेर राहुटी टाकण्याचा आणि कोठेही उघड्यावर शेकोटी पेटविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

इस्तंबूल आणि कप्पादोकियाच्या सहलींची आखणी करणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्यातले दोन-तीन दिवस गॅलिपोलीसाठी राखून ठेवावेत. 18 मार्च व 25 एप्रिल या तारखांची गर्दी टाळावी, मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडावा, आणि हेलेसला जाताना राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीतून हिंदी पलटणींची पाने आधी उतरवून घ्यावीत.