आधी थांबायचं, मग उडायचं!

काय बालदोस्तांनो, सुट्टीत ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्यात की नाही? अंधेरी-बोरिवलीकडे मॉलमध्ये नाहीतर जत्रेत पाहावं तर सात-आठ जण एकदम त्या जाळीवर नाचत असतात. मजा येते खरी, पण शिकायचं असेल तर नियम एकच. एका वेळी एकानेच चढायचं! दोघं उडाले की एकाने दाबलेली जाळी दुसऱ्याला भलतीकडेच फेकते, आणि त्यात हलकाफुलका असेल तोच जास्त उडतो.

या खेळाचा जन्म मोठा गमतीचा आहे. सर्कशीतले झुल्यावरचे कलाकार शेवटी खालच्या जाळीत पडत आणि चेंडूसारखे उसळत. ते पाहून अमेरिकेतल्या जॉर्ज निसेन या जिम्नॅस्टला कल्पना सुचली आणि 1930 नंतरच्या दशकात त्याने ट्रॅम्पोलिन बनवलं. सन 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून तर त्याची पदकंही मिळू लागली.

तुमच्यापैकी कुणी मल्लखांब करत असेल. तिथे भीती वाटली की पायांची अढी घट्ट करता येते, खांब हातात असतो. ट्रॅम्पोलिनवर मात्र धरायला काहीच नाही. म्हणून चांगले सर पहिल्या दिवशी काय शिकवतात? थांबायला! पाय जाळीला टेकले की गुडघे वाकवायचे आणि जाळी वर येतानाही ते तसेच वाकलेले ठेवायचे. उसळी गुडघ्यांतच जिरते. नजर पायांकडे नाही, समोरच्या कडेवर. सर मध्येच "थांब!" म्हणतात आणि जागच्या जागी थांबता आलं, तरच पुढची उडी थोडी उंच.

आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच शिकायला गेली. पहिल्या दिवशी कडेलाच उभी राहिली. खालून मैत्रिणींचा गलका, "मार ना उडी, घाबरतेस काय!" तशी ती आणखीच आकसली. सरांनी आधी मैत्रिणींना गप्प केलं (फार बरं केलं!) आणि तिला म्हणाले, "उड्या किती, ते तू ठरव. मोठ्याने मोज आणि थांब." ती म्हणाली, "दोन." दोन झाल्या, थांबली. मग तीन. मग पाच. थांबणं आपल्या हातात आहे हे कळल्यावर तिने बसकी उडी स्वतःहून मागितली. आधी स्थिर जाळीवर नुसतं बसून, पाय सरळ, तळवे कमरेशी, बोटं पायांकडे. मग छोट्याशा उसळीवरून.

कोलांटी मात्र सर शेजारी असल्याशिवाय मुळीच नाही हं!

थांबण्याचा सराव घरीही होतो. फरशीवर छोटी उडी मारा आणि गुडघे वाकवून आवाज न करता उतरा. दहा उड्या झाल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या नाहीत, तर जमलं समजा!