माईकला दोष, खोलीला माफी

आपल्यातलं कुठलंही महिला मंडळ हल्ली स्तवनांचं किंवा भक्तामराचं रेकॉर्डिंग करायला निघालं, की पहिला प्रश्न येतो, माईक कोणता? कोण गाणार, तालीम किती दिवस, संस्कृत उच्चार कोण तपासणार, हे सगळं नंतर. उकव्यातही तेच झालं. मॉइलच्या मँगनीज खाणीचं हे गाव, बैहरच्या रस्त्यावर ट्रकांची ये-जा, आणि आपली घरं थोडीच. तरी ठराव आला की पर्युषणाआधी नागपूरला स्टुडिओत जायचं, लाखांच्या माईकवर गायचं, आणि ज्यांचा आवाज ‘माईकला शोभतो’ अशा दोघींनीच गायचं. बाकीच्यांनी वर्गणी द्यायची.

मी विरोध केला. कंजूष म्हणवून घेऊन झालं, आता कारणं लिहिते.

महागड्या माईकने फरक ऐकू येतो का? येतो, नाही कशाला म्हणू! न्यूमनचा यू-87 दोन-तीन लाखांच्या घरात जातो. असा कंडेन्सर माईक श्वास, ओठ सुटल्याचा आवाज, ‘स’ची धार, सगळं बारीक टिपतो. शांत, बंदिस्त खोलीत, चांगले हेडफोन लावून, सरावलेल्या कानाला ते कळतं. पण बायांनो, आपण स्तवनं ऐकतो कुठे? सकाळी पाणी गाळताना, ओट्यावर ठेवलेल्या फोनवर. वर पंखा, बाहेर ट्रक, आणि ती फाईल चार ग्रुपांतून फिरून, दाबून लहान झालेली. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज धड वाजवता येत नाही. तिथे दहा हजारांचा अन् तीन लाखांचा माईक कोणता, हे डोळे मिटून ओळखून दाखवावं कुणी.

आणि खरा घोळ माईकमध्ये नसतोच, खोलीत असतो. आपला हॉल बघा. खाली फरशी, चार भिंती कोऱ्या. तिथे टाळी वाजवली तरी घुमते. गाणारीचा आवाज भिंतींवर आपटून परत माईकमध्ये शिरतो, शब्दावर शब्द चढतो, आणि मग आपण म्हणतो, ‘माईक हलका आहे.’ संवेदनशील माईक लावला तर तो घुमारा, तो पंखा, पत्र्यावरचा पाऊस अजूनच स्पष्ट येईल. याला औषध घरातच आहे. गाणारीच्या मागे आणि बाजूला जाड रजया टांगा, खाली गादी घाला, पंखा बंद करा. माईक तोंडापासून वीतभर, जरासा तिरका ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा वारा सरळ त्यावर आदळणार नाही. एवढं केलं की साध्या माईकचाही आवाज असा बदलतो, की शेजारीण विचारेल, कुठून करून आणलंत?

दुकानात दोन माईक ऐकवतात तेव्हा एक गोष्ट सांभाळा. जो जरा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा आणि मग ठरवा. किंमत आधी ऐकूच नका.

1902 साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं रेकॉर्ड झालं, तेव्हा रेकॉर्डिंगला माईक वापरतच नसत. हॉटेलची खोली, पुढे एक कर्णा, आणि त्यात जोर लावून गायचं. विजेवरचं रेकॉर्डिंग 1925 मध्ये आलं. कर्ण्यातून बारीक सूर पुरते पोचत नसत, पण तिच्या ताना आजही कळतात आणि शेवटी ती आपलं नाव पुकारते तेही. मुलांना मायकल जॅक्सन विचारा. 1982 च्या ‘थ्रिलर’चं गाणं शूर कंपनीच्या एसएम-7 वर झालं. तोही डायनॅमिक जातीचा, त्या काळातल्या महागड्या कंडेन्सरांपेक्षा कितीतरी स्वस्त. पैशांची कमी होती म्हणून घेतला असं तर कुणी म्हणणार नाही!

हे सगळं कळल्यावरही ठराव मागे घ्यायला कुणी तयार नाही, कारण प्रश्न माईकचा नाहीच. आपल्यात एक आजी आहेत. भक्तामराचे 48 श्लोक पुस्तक न उघडता म्हणतात, एक जोडाक्षर सैल पडत नाही. त्यांना सांगितलं, ‘तुमचा आवाज कापतो, चांगला माईक ते लगेच पकडतो.’ नव्या सुनांना सांगितलं, ‘अजून तयारी नाही.’ म्हणजे माईक झाला दारावरचा पहारेकरी. नकार आपण द्यायचा आणि नाव यंत्राचं घ्यायचं. बरं, सून तयार होणार कशी? वसंततिलकाच्या चौदा अक्षरांत श्वास कुठे घ्यायचा, हे कुठला माईक शिकवणार? स्टुडिओत बेसूर स्वर यंत्राने सरळ करतात, मग घरी रियाज तरी कोण करील! त्याच वर्गणीत वर्षभर गाणं शिकवणारी बाई ठेवता येते, आणि मग दोघी कशाला, वीस जणी गातील.

म्हणून माझा उलटा ठराव. रेकॉर्डिंग उकव्यातच करायचं, मागच्या खोलीत, भर दुपारी, पाऊस थांबलेला बघून. आजींनी श्लोक सुरू करायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. माईक कुणाकडे असेल तो चालेल. रजया मी आणते.