डोळ्यांखालची निळी रेघ

सोमवार सकाळ. लिफ्टच्या आरशात स्वतःकडे सहज बघता आणि डोळ्याखाली एक निळसर शीर दिसते. वर कलीगचा प्रश्न, ‘काऊन, रात्री झोपली नाहीस का?’ झालं! लंच टाइमपर्यंत ट्रीटमेंटचे रेट विचारून होतात.

थांबा, बॉस. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. खालची शीर त्यातून दिसणारच! रंग उजळ असेल, घरात आई-मावशीलाही असेल, तर ती तुमच्याकडे वारशानेच आलीय. त्यात आपलं नागपूर. मे २०१३ मध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात शिरा फुगतात आणि जास्त उठून दिसतात.

आता उपाय. पहिला फंडा स्वस्तातला : पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर, त्यावर कन्सीलर. नारिंगी रंग निळ्याला मारतो. थंड चमचा ठेवला तर शीर तात्पुरती आकसते. डोळे चोळणं मात्र बंद!

कायमचा उपाय हवाय? मग १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर. त्याच्या उष्णतेने शीर आतून बंद होते. सावळ्या त्वचेला तो इतर लेझरपेक्षा सोसतो, तरी डाग पडण्याची शक्यता असतेच. महत्त्वाचं म्हणजे हा किरण डोळ्यात गेला तर पडदा भाजू शकतो. म्हणून आधी बधिर करणारे थेंब घालून बुबुळावर धातूचं कवच बसवतात. ‘फक्त डोळे मिटा’ म्हणणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून या.

दुसरा मार्ग म्हणजे सुईच्या टोचण्याएवढ्या छेदातून शीर बारीक हुकने काढणं. काही दिवस काळं-निळं दिसतं, तेव्हा साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात नको.

आणि इंजेक्शन? पायाच्या शिरांसाठी ते सर्रास देतात. पण डोळ्याजवळच्या शिरा खोबणीतल्या आणि पुढे मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात. औषध तिकडे गेलं तर नजर जाऊ शकते. म्हणूनच बरेच डॉक्टर इथे ते टाळतात. ब्यूटी पार्लरमध्ये तर विचारूसुद्धा नका.

रामदासपेठेतलं चकचकीत क्लिनिक असो की मेडिकल-मेयोची ओपीडी, डॉक्टरांची त्वचारोगातली पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी बघा. शीर अचानक फुगली, डोळा लाल झाला, पुढे आल्यासारखा वाटला किंवा दुहेरी दिसू लागलं, तर ब्यूटीचा विषय संपला. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

बाकी ती निळी रेघ आरशात नाकाला नाक लावलं की दिसते. तेवढ्या जवळून तुम्हाला बघणाऱ्या माणसाला तिचं काही पडलेलं नसतं!