फर्लो वेगळा, पॅरोल वेगळा

‘अमुक कैदी पॅरोलवर बाहेर’ असा मथळा दिसला की नाक्यावर निवाडा तयारच असतो : वशिल्याने सुटला! खाली बातमीत चक्क फर्लो लिहिलेला असतो. पण मथळ्यात पॅरोल. आम्हा पत्रकारांची ही जुनी खोड.

दोन्ही रजाच, सुटका नव्हे. महाराष्ट्रात त्या १९५९च्या नियमांनुसार मिळतात. फर्लोला खास कारण दाखवावं लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली, वागणूक बरी राहिली, तर लांबच्या कैदेतला माणूस घरादाराला पारखा होऊ नये म्हणून तो देतात. पॅरोलला मात्र कारण लागतं : घरातला मृत्यू, गंभीर आजारपण, लग्नकार्य. आणि खरी मेख दिवसांच्या हिशेबात आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाही. तेवढे दिवस पुढे आत काढावे लागतात. नोकरदारांना पटकन कळेल असं सांगायचं तर एक भरपगारी रजा, दुसरी बिनपगारी. अभिनेता संजय दत्त येरवडा तुरुंगात असताना २०१३च्या ऑक्टोबरात फर्लोवर बाहेर आला आणि डिसेंबरात पत्नीच्या आजारपणासाठी पॅरोलवर. गदारोळ दोन्ही वेळा सारखाच झाला.

आपल्या तुरुंगांच्या कागदपत्रांत फर्लोला ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हणतात. सरकारी मराठीला आपण ऊठसूट नावं ठेवतो, पण इथे तिने बाजी मारली आहे. पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थ वचन. ‘परत येईन’ किंवा ‘पुन्हा शस्त्र धरणार नाही’ असा शब्द घेऊन युद्धकैद्यांना सोडत. फर्लो डचांकडून आला, तोही सैनिकांच्या रजेसाठी.

अमेरिकी मालिका बघणाऱ्यांनी जरा जपून! तिथे पॅरोल म्हणजे शिक्षेची मुदत संपण्याआधी अटींवर झालेली सुटका. ब्रिटनमध्ये तर २०२०च्या कोविडकाळात काम थांबलेले, पण सरकारी मदतीवर पगार मिळणारे लाखो कामगार ‘फर्लो’वर होते. त्यांचा तुरुंगाशी काडीचा संबंध नव्हता.

फर्लो कमावलेला असला तरी तो कैद्याचा निरपवाद हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली नारायण साई या कैद्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा टीका जरूर करा, पण आधी बातमीतली रजा कोणती ते पाहा. पॅरोल असेल तर दाखवलेलं कारण खरं होतं का, ते विचारा. फर्लो असेल तर इतर कैद्यांचे अर्ज किती दिवस पडून आहेत, ते विचारा.