थांबू की घेऊ?

"अरे, आत्ता नको घेऊस. नवीन येतंय!"

तुमच्या ग्रुपमध्ये हे वाक्य टाकणारा एक तरी असतोच. तुम्ही वर्षभर पैसे साठवलेले असतात. थोडा इंटर्नशिपचा स्टायपेंड, थोडी दिवाळीत आत्याने हातात ठेवलेली पाकिटं, थोडी बाबांची कृपा. आता ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच म्हणून तुम्ही उठता आणि तेवढ्यात हा भविष्यवेत्ता कुठला तरी लीक झालेला स्क्रीनशॉट टाकतो. तुम्ही परत खाली बसता.

आज मला या वाक्याशी भांडायचंय. कारण ते ऐकून मी एकदा थांबले होते.

२०२५चा जानेवारी. बीएएमएमसीचं शेवटचं वर्ष आणि चौघांनी मिळून करायची डॉक्युमेंटरी. विषय होता ससून डॉकवरची पहाट. बोटी लागतायत, मासळीचा लिलाव चाललाय आणि उजेड म्हणाल तर चार दिवे. अशा अंधारात शूट केलं की चित्रात दाणे दिसतात, एडिटिंगवाले त्याला नॉइज म्हणतात. तो काढायचं काम ग्राफिक्स कार्डावर पडतं. माझ्या पीसीत होतं जीटीएक्स १६५०, मेमरी चार जीबी. फोर-के क्लिपवर नॉइज काढायला घेतला की स्क्रीनवर मेसेज यायचा, जीपीयूची मेमरी संपली.

माझ्याकडे सव्वीस हजार रुपये होते. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० तेवढ्यात बसत होतं. पण त्याच आठवड्यात लास वेगासला एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी ५० सीरिज जाहीर केली. ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल, असं ते स्टेजवरून म्हणाले. ४०९० ची मूळ किंमत होती १५९९ डॉलर! आता चार वर्षं जुनं कार्ड कोण घेणार? दुकानातले दादा म्हणाले, "ताई, नवीन तर येतच राहणार. तुमचं काम कधीचं आहे ते सांगा." मला वाटलं, जुना माल गळ्यात मारतायत. मी पैसे पर्समध्ये ठेवून घरी आले.

सबमिशन मार्चमध्ये होतं. नव्या सीरिजमधलं माझ्या खिशाच्या जवळपास जाणारं ५०६० बाजारात आलं मे महिन्यात. आणि त्यात मेमरी किती? आठ जीबी.

लिलावाचे अंधारातले शॉट्स आम्हाला कापावे लागले. ज्या मावशींनी तीन पहाटा आम्हाला डॉकवर हाताला धरून फिरवलं, त्यांचा बोली लावतानाचा सीन त्यातच गेला. त्या स्क्रीनिंगला आल्या होत्या, मुलीला घेऊन. संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की माझं बोली लावतानाचं कुठे गेलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मी नव्या कार्डाची वाट बघत होते' हे उत्तर होऊ शकत नाही ना!

म्हणून हे लिहितेय. 'नवीन येतंय' हे वाक्य खोटं नाही, उलट ते कायमच खरं असतं, हीच त्याची गोची आहे. एनव्हिडियाची २० सीरिज आली सप्टेंबर २०१८ मध्ये, ३० सीरिज सप्टेंबर २०२० मध्ये, ४० सीरिज ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० सीरिज जानेवारी २०२५ मध्ये. साधारण दर दोन-सव्वादोन वर्षांनी नवी पिढी. मध्ये सुपर, टीआय वगैरे भावंडं असतातच. म्हणजे कॅलेंडरवर कुठेही बोट ठेवा, काही तरी नुकतंच आलेलं असतं किंवा येऊ घातलेलं असतं. जे वाक्य वर्षाचे बाराही महिने खरं आहे, त्यावरून निर्णय कसा घेणार?

आणि नवीन येतं तेव्हा सगळ्यांत आधी कोणासाठी येतं, तेही बघा. सुरुवात होते महागड्या कार्डांपासून. ३०८० आलं सप्टेंबर २०२० मध्ये, ३०६० साठी फेब्रुवारी २०२१ उजाडलं. ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये, ४०६० जून २०२३ मध्ये. ५०९० जानेवारी २०२५ मध्ये, ५०६० मे महिन्यात. तुमच्या-माझ्या बजेटचं कार्ड येईपर्यंत चार ते आठ महिने जातात. म्हणजे एक अख्खं सेमिस्टर, कधी कधी जास्तच.

"पण थांबलं की जुनं तरी स्वस्त होतं ना?" कधी होतं, कधी नाही. १ सप्टेंबर २०२० ला ४९९ डॉलरचं ३०७० जाहीर झालं आणि ते ११९९ डॉलरच्या २०८० टीआयच्या तोडीचं असल्याचं सांगितलं गेलं. घाबरून लोकांनी आपली २०८० टीआय निम्म्याहून कमी भावात विकून टाकली. पुढे काय झालं? कोविडमुळे पुरवठ्याची वाट लागली, क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली आणि नवीन कार्ड मूळ किमतीला मिळेनासं झालं. विकून मोकळे झालेले लोक ना जुन्याचे राहिले ना नव्याचे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली, तेव्हा मायनिंगमधली वापरलेली कार्डं सेकंड हँड बाजारात ढिगाने आली. तेव्हा मात्र थांबलेले जिंकले. २०२५च्या शेवटी पुन्हा उलटं चक्र. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात म्हणून रॅमचे भाव भडकले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरही मेमरीच असते. तेव्हा 'थांबलं की स्वस्त' यावर डोळे मिटून विसंबू नका.

बरं, ते ५०७० आणि ४०९० चं काय झालं? मार्चमध्ये रिव्ह्यू आले. तो दावा एआयने मधल्या फ्रेम तयार करण्यावर उभा होता. एक खरी फ्रेम, पुढच्या तीनपर्यंत एआयच्या. ते बंद करून मोजलं तर ५०७० बरंच मागे पडलं. मेमरीही ४०९० च्या चोवीस जीबीपुढे बारा. स्टेजवरचं वाक्य आणि तुमच्या टेबलावरचा पीसी यांत इतकं अंतर असू शकतं.

मग ठरवायचं कसं? दुकानातल्या दादांचा प्रश्न उसना घेते. तुमचं काम कधीचं आहे?

आधी बघा, नक्की अडतंय काय. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा आणि नेहमीचा गेम किंवा एडिटिंग चालू ठेवून जीपीयूचा आकडा बघा. तो सतत ९५-१०० टक्क्यांवर असेल किंवा कार्डाची मेमरी काठोकाठ भरत असेल, तर कार्ड खरंच कमी पडतंय. फ्रेमवर कुठली मर्यादा लावलेली नसताना आकडा ५०-६० वर रेंगाळतोय आणि तरी गेम अडखळतोय, तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा रॅमचा. मग पन्नास हजारांचं कार्ड आणूनही फारसा फरक पडणार नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा, १०८० पिक्सेलचा असेल आणि गेम आरामात साठ फ्रेम देत असेल, तर तुम्हाला कार्ड नको, मॉनिटर हवाय. किंवा काहीच नको. पॉवर सप्लाय नव्या कार्डाला पुरेल का, हेही आत्ताच बघा.

मग फुकटचे उपाय संपवा. नवं तंत्रज्ञान दरवेळी नव्या कार्डातूनच येतं असं नाही. डीएलएसएस ४ मधलं सुधारित अपस्केलिंग २०१८च्या २० सीरिजलाही मिळालं. एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये आलं, तेही दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या कार्डांवर चालतं. एडिटिंगवाल्यांनो, फुटेजच्या हलक्या कॉप्या, म्हणजे प्रॉक्सी, करून काम करायला शिका. माझा नॉइजचा प्रश्न त्याने सुटला नसता, पण बाकीचं एडिटिंग तरी न अडकता झालं असतं.

आणि खऱ्या डेडलाइन ओळखा. लीक ही डेडलाइन नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधला 'डूम: द डार्क एजेस' हे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्ड मागतात, ही डेडलाइन आहे. तुमच्याकडे जीटीएक्स असेल तर सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग नाही. एनव्हिडियाने १० सीरिजसाठीचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले, त्यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. हीसुद्धा खरी डेडलाइन. सबमिशनची तारीख तर सगळ्यांत खरी.

थांबणं मला मान्यच नाही, असं नाही. कंपनीने स्वतः तारीख आणि किंमत जाहीर केलीय, कार्ड तुमच्याच बजेटमधलं आहे, तारीख महिन्या-दीड महिन्यावर आहे आणि तुमचं काम तोवर अडत नाही, तर जरूर थांबा. यातली एकही गोष्ट नसेल, तर तुम्ही थांबत नाही आहात, नुसतं टाळताय. डॉलरची किंमत रुपयाने गुणून हरखूनही जाऊ नका. अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, इथे १८ टक्के जीएसटी लागतो. सेकंड हँड घेणार असाल तर मूळ बिल आणि सिरियल नंबर मागा, वॉरंटी उरलीय का ते तपासा आणि समोर अर्धा तास लोड देऊन चालवून बघा. विकणारा घाई करत असेल तर सरळ निघा.

नवं तंत्रज्ञान यावं, मलाही भारीच वाटतं. पण कंपनीचं वेळापत्रक कंपनीच्या सोयीने ठरतं, त्यात तुमच्या परीक्षा, तुमचं सबमिशन, तुमचा पहिला फ्रीलान्स प्रोजेक्ट कुठेच नसतो. ते तुम्हालाच धरावं लागतं.

मी शेवटी बारा जीबीचं ३०६० च घेतलं, निकाल लागल्यावर, त्याच दुकानातून. दादा काही बोलले नाहीत, बिल करून दिलं. लिलावाचा सीन आता दाणे काढून स्वच्छ झालाय, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. सबमिशन केव्हाच होऊन गेलं. पुढच्या रविवारी मी तो पेनड्राइव्हवर टाकून ससून डॉकला घेऊन जाणार आहे. तुमचा भविष्यवेत्ता आज पुन्हा काही टाकेल, तेव्हा त्याला एकच विचारा, "माझं काम कधीचं आहे, ठाऊक आहे तुला?"