संघटना मोडली तेव्हा

१९६२ साली पोर्ट ह्यूरनच्या जाहीरनाम्यातून अमेरिकन विद्यार्थ्यांनी लोकसहभागाच्या लोकशाहीचा आग्रह धरला. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हीच विद्यार्थी संघटना उभी ठाकली. परंतु जून १९६९ च्या शिकागो अधिवेशनात ती गटबाजीने फुटली आणि एका गटाने बॉम्बची वाट धरली. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, तेव्हा देशव्यापी संतापाला दिशा द्यावयास ती उरली नव्हती. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी युद्धविरोधी तरुणांना मारहाण केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीच्या सैन्यभरतीत सवलत होती. मजुरांच्या मुलांना ती क्वचितच लाभे. दरी केवळ लांब केसांची नव्हती, वर्गाची होती. ती न ओळखणारे बंड कामगारवस्तीच्या वेशीवरच अडते.